वर्गातला प्रयुक्त

मानसशास्त्राच्या संशोधनाला माणसे लागतात आणि विद्यापीठात सर्वांत सहज मिळणारी माणसे म्हणजे विद्यार्थी. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांत, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम येथे, मानसशास्त्राचा विद्यार्थी प्रात्यक्षिकात कधी प्रयोगकर्ता असतो, तर कधी वर्गमित्राचा प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग केला जातो तो. ही अदलाबदल शिक्षणाचाच भाग आहे आणि तिच्यात कोणावर अन्याय होत नाही. प्रश्न येतो तो प्राध्यापक, किंवा त्यांच्याकडे पीएच.डी. करणारे कोणी, प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन तासाला येतात तेव्हा.

प्रश्नावली भरल्याने कोणाचे काय बिघडते, असा बचाव नेहमी केला जातो. तो चुकीचा आहे. समोर उभ्या असलेल्या व्यक्तीच्या हाती हजेरी, अंतर्गत गुण आणि प्रात्यक्षिक वहीवरची सही असते. अशा वेळी संमतिपत्रावर सही न करणे अठरा वर्षांच्या मुलीला जवळजवळ अशक्य असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना अधिकारांच्या उतरंडीत सापडलेल्या गटांना विशेष संरक्षण देतात. कैदी आणि कर्मचारी यांच्याबरोबर विद्यार्थीही या गटांत येतात.

या चर्चेत स्टॅनफर्डच्या १९७१ च्या तुरुंग-प्रयोगाचा दाखला हटकून दिला जातो. तिथले तरुण वर्तमानपत्रातील जाहिरात वाचून, रोज १५ डॉलरच्या मोबदल्यात आले होते. दोन आठवड्यांचा तो प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागला. क्रौर्य कसे उगवते, हे त्यातून दिसले असे मानले जाते. वर्गातली सक्ती मात्र त्यात दिसत नाही, कारण हे तरुण प्रयोग करणारे प्राध्यापक झिम्बार्डो यांच्या वर्गातले म्हणून आलेले नव्हते. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेचा एक साधा नियम अकोल्यासारख्या ठिकाणच्या वर्गांना अधिक उपयोगी आहे: सहभाग अभ्यासक्रमाचा भाग असेल किंवा त्यासाठी जादा गुण मिळणार असतील, तर तेवढ्याच मोलाचा दुसरा पर्याय दिलाच पाहिजे.

मग विद्यार्थ्यांना संशोधनातून वगळावे का? वरकरणी हेच न्याय्य वाटते, पण वऱ्हाडापुरते ते घातक ठरेल. मानसशास्त्र म्हणजे महाविद्यालयातल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांच्या वर्तनाचे शास्त्र झाले आहे, अशी तक्रार क्विन मॅकनेमार यांनी १९४६ मध्येच केली होती. हेन्रिक, हाइने आणि नोरेन्झायन यांनी २०१० मध्ये दाखवले की, आघाडीच्या नियतकालिकांतील संशोधनाचे ९६ टक्के सहभागी पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते आणि त्या देशांत जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. अकोल्याची मुले अभ्यासातून बाहेर राहिली, तर त्यांचे मन परक्यांच्या मापानेच मोजले जात राहील.

खरी कसोटी नैराश्याच्या चाचणीत लागते. आरन बेक यांच्या १९६१ च्या सूचीत २१ बाबी आहेत आणि नववी आत्महत्येच्या विचारांविषयी आहे. शेतकरी आत्महत्यांनी दोन दशकांहून अधिक काळ होरपळलेल्या या विभागात वर्गातल्या कोणाच्या घरी तसा मृत्यू झालेला असू शकतो. प्रश्नावली निनावी ठेवली, तर नवव्या बाबीवर चिंताजनक उत्तर देणारा विद्यार्थी संशोधकाला शोधता येत नाही. नाव लिहून घेतले, तर तो खरे उत्तरच देत नाही, कारण कागद सरांच्या कपाटात जाणार हे त्याला ठाऊक असते. गुणांची बेरीज करून प्रबंधात सरासरी छापायची आणि त्या एका उत्तराकडे पाहायचेही नाही, हा गुन्ह्याइतकाच गंभीर हलगर्जीपणा आहे.

यातून वाट निघते. प्रश्नावली दुसऱ्या महाविद्यालयातील, गुणांशी संबंध नसलेल्या व्यक्तीने द्यावी आणि शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी तेव्हा वर्गाबाहेर थांबावे. कागदावर नावाऐवजी संकेतांक असावा. नाव आणि संकेतांक जोडणारी यादी समुपदेशकाकडे राहावी, आणि ती कोणत्या परिस्थितीत उघडली जाईल हे सहीपूर्वीच सांगितलेले असावे. नववी बाब त्याच दिवशी तपासली जावी, आणि गरज पडल्यास अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयातील मानसोपचार विभागापर्यंत विद्यार्थ्याला सोबत नेण्याची व्यवस्था आधीच ठरलेली असावी. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी त्यांच्या होकाराबरोबर पालकांची संमतीही घ्यावी. ज्या संशोधन-आराखड्यात या तरतुदी नसतील, त्याला नैतिकता समितीने मान्यता देऊ नये.