एकाचा नकार

लोकशाहीत बहुमत झाले की प्रश्न मिटला, असे आपण धरून चालतो. उरलेल्या मूठभरांचे काय, हे विचारणेही आपल्याला सुचत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाला ते सुचले. तेथील ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते. एकाचा जरी नकार असला तरी निर्णय थांबतो. या रीतीने वेळ फार जातो, हे खरेच. पण २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवून २०११ मध्ये आपला बांबू आपण विकू लागलेले गाव हेच. जंगल राखायचे तर प्रत्येक घरची कुऱ्हाड आवरली पाहिजे. आणि ठराव करताना ज्याला विचारलेच नाही, त्याची कुऱ्हाड त्या ठरावाने का थांबावी?