बारा रुपये आणि वीस टक्के

1882 साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षकाच्या पगाराचा आकडाच सांगितला: महिना किमान बारा रुपये, मोठ्या गावांत पंधरा ते वीस. सरकारचा महसूल रयतेच्या कष्टांतून येतो, तर तो रयतेच्या मुलांच्या शाळांवर खर्च व्हायला हवा, हा त्यांचा मुद्दा. मास्तरला गावात मान मिळावा म्हणून गावचे हिशेब तपासण्याचे, टपालाचे काम त्याच्याकडे द्यावे, असेही त्यांनी सुचवले.

त्याच काळात पुण्यात एक वेगळा आदर्श उभा राहत होता. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या आजीव सदस्यांनी बेताच्या वेतनावर आयुष्याची उमेदीची वर्षे द्यायची होती; गोपाळ कृष्ण गोखल्यांनी महिना 75 रुपयांवर ती दिली. हा त्याग मोठा होता, पण तो स्वेच्छेचा होता. त्याच्याही मर्यादांवर भांडण झालेच. सदस्यांनी बाहेरून कमाई करावी की नाही, या वादातून टिळक 1890 मध्ये संस्थेबाहेर पडले. शिवाय स्वतः त्याग करणाऱ्या गोखल्यांनी देशाच्या शिक्षणाचा भार इतरांच्या त्यागावर टाकला नाही. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक त्यांनी 1911 मध्ये मांडले, ते सरकारने पैसे घालावेत म्हणूनच. पुढल्या वर्षी ते 13 विरुद्ध 38 मतांनी पडले.

स्वातंत्र्यानंतर फुल्यांचा विचार काही काळ पुढे सरकला. कोठारी आयोगाने (1964-66) राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणाला मागितले. महाराष्ट्रात 1977 च्या कायद्याने खासगी शाळांतल्या शिक्षकांच्या सेवाशर्तींना संरक्षण दिले. शिक्षकाचा पगार ही संस्थाचालकाची मेहेरबानी राहू नये, ही भूमिका त्यातून पक्की झाली.

मग 2000 साली शिक्षणसेवक योजना आली. पाचव्या वेतन आयोगानंतर तिजोरीवर ताण होता, हे खरे. पण त्यावरचा उपाय नव्या शिक्षकाच्या खिशातून काढला गेला: पहिली तीन वर्षे पूर्ण काम, हातात मानधन. प्राथमिकसाठी ते 2022 अखेरपर्यंत 6,000 रुपयांवर अडकले होते. जानेवारी 2023 पासून 16,000 झाले.

विनाअनुदानित शाळांतली गोष्ट याहून कठोर आहे. आधी ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून परवानगी, 2009 मध्ये ‘कायम’ शब्द वगळला, 2016 पासून अनुदानाचा वीस टक्क्यांचा पहिला टप्पा. मधल्या वर्षांत मूल्यांकन, त्रुटींची पूर्तता, आझाद मैदानावरची आंदोलने. एकाच शाळेत एक तुकडी पूर्ण अनुदानित आणि शेजारची अनुदानाच्या टप्प्यावर, असे आजही दिसते. पुस्तक तेच, तासिका तेवढ्याच, दहावीच्या निकालाची जबाबदारीही सारखी. पगाराच्या दिवशी मात्र एकाच्या खात्यात पूर्ण वेतन आणि दुसऱ्याच्या खात्यात त्याचा तुकडा. सरकारने येथे पैसा वाचवला, तो शिक्षकाचे वय खर्चून. डेक्कन सोसायटीच्या सदस्यांनी निवडलेला त्याग येथे न विचारता लादला गेला.

त्याचा हिशेब आता निवृत्तीच्या दारात मांडला जातो आहे. जुनी पेन्शन बंद झाली त्या 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी नेमणूक झाली, पण शाळा शंभर टक्के अनुदानावर त्यानंतर आली, अशा शिक्षकांना ती द्यायची की नाही, यावरचा वाद न्यायालयांपर्यंत गेला आहे. सेवा फळ्यासमोर उभे राहिल्यापासून मोजायची, की सरकारने पूर्ण पगार द्यायला सुरुवात केल्यापासून, हा त्यातला मूळ प्रश्न.