परतीचे ताट

मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात निघताना दारात एक पिशवी दिली जाते. इंग्लंडमध्ये अशा पिशवीला ‘पार्टी बॅग’ म्हणतात. आपण तिला ‘रिटर्न गिफ्ट’ म्हणतो. ‘परत’ ही कल्पना आपली भर आहे, आणि प्रश्नही तिथूनच सुरू होतो. दिल्यानंतर तासाभरात जिची परतफेड होते, तिला भेट म्हणावे का?

भेट कधीच निव्वळ भेट नसते, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी 1925 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात दाखवले. देणे, घेणे आणि परत करणे अशी तीन बंधने तिच्यात असतात. मराठी घरांना हे शिकवावे लागले नाही. दिवाळीत शेजारून फराळाचे ताट आले की ते रिकामे परत करायचे नाही, हा नियम लहान मुलालाही ठाऊक असतो. गोव्यात नाताळचे कुस्वार आणि चतुर्थीचे गोडधोड एकमेकांच्या उंबरठ्यावरून असेच ये-जा करते. काहीच नसले तरी ताटात चिमूटभर साखर घालून ते परत जाते.

मग पिशवीत आणि ताटात फरक काय? पिएर बोर्द्यू यांनी 1972 मध्ये त्याचे उत्तर दिले: मधला काळ. ताट लगेच परत जात नाही. ते चार दिवस आपल्या मांडणीवर राहते. तेवढे दिवस आपण कोणाचे तरी देणेकरी असतो, आणि त्या देणेकरीपणालाच शेजार म्हणतात. पिशवी हा अवधी पुसून टाकते. हिशेब दारातच मिटतो.

पण ताटाचे गुणगान करताना जपायला हवे. लग्नातल्या आहेरांची वही आपल्याच घरांत होती. कोणी किती दिले ते तिच्यात लिहून ठेवले जाई आणि त्याच मापाने परत केले जाई. शिवाय ताट भरणारे हात बहुधा बाईचे. चकलीचा सोऱ्या दाबताना तिचे खांदे भरून येत, नानकटाईचे पीठ मळून पत्र्याचे ट्रे बेकरीच्या भट्टीवर नेऊन तिने रांग धरलेली असे. त्या श्रमांची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. पिशवीने तिची यातून सुटका केली असेल, तर तेही काही कमी नाही. पिशवीत एक समताही आहे: महागडी खेळणी आणणाऱ्याला आणि पेन्सिलींचा डबा आणणाऱ्याला एकसारखीच पिशवी मिळते.

म्हणून परतफेड वाईट, असे म्हणता येत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात, जो परतफेड करणार नाही त्याला दिलेले दान सात्त्विक मानले आहे. पण हे माप शेजारधर्माला लावले, तर घेणारा कायमचा खाली राहतो. मोठ्या शहरांत हे नेहमी दिसते. वाढदिवस संपला की उरलेला केक डब्यात घालून घरकाम करणाऱ्या बाईंना त्यांच्या मुलांसाठी दिला जातो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. डबा दुसऱ्या दिवशी घासूनपुसून परत येतो, रिकामा. शेजारणीचे ताट रिकामे आले तर आपण मनाला लावून घेऊ; इथे तो रिकामाच यावा असे आपण न बोलता ठरवलेले असते. मग त्या घरच्या गौरीच्या पुरणपोळ्या कधी आपल्या ओट्यावर येतात का? आल्या, तर त्या आपण पानात वाढून घेतो, की कौतुक करून बाजूला ठेवतो?

परत न करण्याची मुभा द्यायला आपली रीतही जाणते. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला, तिथे फराळ केला जात नाही. नातेवाईक आणि शेजारी डबे पोचवतात आणि त्या वर्षी परतीची वाट पाहत नाहीत. मात्र ही मुभा वर्षापुरती असते. पुढच्या दिवाळीत त्या घरी पुन्हा कढई चढते, पुन्हा ताट निघते, आणि ते पाहून सगळ्यांना बरे वाटते. माणसाला देता येणे परत मिळाले, म्हणून.

वाढदिवसाच्या संध्याकाळी मूल दोन्ही शिकत असते. पाटावर बसवून त्याला ओवाळतात तेव्हा ते फक्त घेणारे असते. नंतर कुकरची शिटी आणि रिंग काढून, तळाला मीठ पसरून घरीच भाजलेला केक ते कापते, आणि पहिला तुकडा त्याच्या हातून दुसऱ्याच्या तोंडात जातो. त्याला तिसरी गोष्टही शिकवायला हवी, आणि ती कुठल्याही पिशवीत मावत नाही: कोणाचेही देणे लागण्यात कमीपणा नाही. ज्याच्याकडून घ्यायला आपण तयार नाही, त्याला आपण दिलेला केक ही भेट नव्हे.