आधी साम्य, मग फरक

मराठी शाळेत शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत एक पान असते. मधोमध पट्टीने ओढलेली उभी रेघ, वर ‘फरक स्पष्ट करा’, रेघेच्या डावीकडे सजीव आणि उजवीकडे निर्जीव. दोन्ही बाजूंना सारखेच क्रमांक घालून मुद्दे फळ्यावरून उतरवायचे, पाठ करायचे आणि परीक्षेत जसेच्या तसे लिहायचे. प्रश्न हमखास येतो, गुणही हमखास मिळतात. दोन्हींमध्ये सारखे काय आहे, हा प्रश्न मात्र त्या पानावर क्वचितच भेटतो. तुलना ही विचार करण्याची पहिली पायरी मानली, तर शाळेत तिचा अर्धाच भाग का रुजला, हे शोधण्यासारखे आहे. कारण या कल्पनेच्या इतिहासात साम्याचे स्थान बरेच वरचे आहे.

आपल्याकडे न्यायशास्त्राने साम्याला ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानले. ‘उपमान’ समजावताना नैयायिक एक ठरलेले उदाहरण देतात. गवय हा रानातला प्राणी कधीच न पाहिलेल्या माणसाला कोणी सांगते, की गवय गाईसारखा असतो. पुढे रानात तसा प्राणी समोर येतो आणि तो माणूस त्याला ओळखतो. पण नुसते ‘सारखे’ म्हणून भागत नाही, हेही नैयायिकांना ठाऊक होते. शिंगे असते ती गाय, अशी व्याख्या केली तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. तांबूस असते ती गाय म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते; ही अव्याप्ती. साम्य कोणत्या बाबतीत आणि कुठपर्यंत, हे सांगावेच लागते. आज ज्याला आपण ‘निकष’ म्हणतो, त्याची ही जुनी तालीम पंडितांच्या पाठशाळेत होती. लहान मुलांच्या वर्गात ती यायला फार काळ जावा लागला.

ती वेळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. 1907 मध्ये रोममध्ये बालगृह सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरींनी इंद्रियशिक्षणाची साधने एका क्रमाने मांडली होती. आधी सारख्याची जोडी लावायची, मग दोन टोकांमधला फरक ओळखायचा आणि शेवटी अगदी जवळजवळ सारख्या वस्तूंची प्रतवारी करायची. ही पद्धत ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी आपलीशी केली. 1926 मध्ये भावनगरला त्यांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला. ताराबाईंनी पुढे दादरला शिशुविहार चालवला, 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि 1957 मध्ये अनुताई वाघांसह काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली पाड्यांतल्या मुलांसाठी परदेशी घडणीची महाग साधने परवडणारी नव्हती. त्यामुळे शंखशिंपले, बिया, पाने, खडे ही परिसरातलीच सामग्री शिक्षणाचे साधन झाली. बियांच्या ढिगातून एकसारख्या बिया वेगळ्या काढणारे मूल गणिताच्या तासाला बसले आहे की निसर्गाच्या, असा प्रश्न तिथे पडतच नव्हता. विषयांच्या भिंती पहिलीनंतर उभ्या राहतात. तुलना त्या भिंतींच्या आधीची आहे.

त्याच सुमारास तुलनेला दुसरी, अधिक कठोर वाट फुटली. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी 1905 मध्ये पॅरिसमधल्या मुलांसाठी बुद्धिमापनाची श्रेणी तयार केली. तिच्यात माशी आणि फुलपाखरू यांतला फरक विचारला होता. रक्त आणि खसखशीचे लाल फूल यांत सारखे काय, असेही विचारले होते. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावलेले होते आणि साम्याचा प्रश्न फरकाच्या नंतर येत होता. त्या वेळच्या मुंबई प्रांतात धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी ही श्रेणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. त्यावरचे त्यांचे पुस्तक 1940 मध्ये आले. या वाटेने तुलना मोजण्याची गोष्ट झाली. आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेतले ‘गटात न बसणारे पद ओळखा’ आणि ‘समसंबंध’ हे प्रश्न याच जातकुळीचे आहेत. पर्याय चार, बरोबर उत्तर एक, आणि कारण सांगायला जागा नाही.

साम्य अवघड का जाते, याचे उत्तर लेव्ह विगोत्स्की यांनी 1934 च्या ‘विचार आणि भाषा’ या ग्रंथात शोधले. फरक मुलाच्या डोळ्यांत सहज भरतो. साम्य जाणवायला मात्र दोन्ही वस्तूंना पोटात घेणारी एक संकल्पना लागते. माशी आणि फुलपाखरू सारखे कसे, हे सांगणाऱ्या मुलाकडे ‘कीटक’ ही कल्पना, निदान तिची चाहूल तरी, असावी लागते.

मग ती संकल्पना मुलाकडे येते कशी? इथे गेल्या चाळीसेक वर्षांतल्या संशोधनाने विचाराची दिशा पालटली. डेड्रे गेंटनर आणि लॉरा नॅमी यांनी 1999 मध्ये चार वर्षांच्या मुलांवरचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना सफरचंदासारख्या एकाच वस्तूचे चित्र दाखवून ‘याच जातीचे दुसरे शोध’ म्हटले, की ती बहुधा दिसायला तशाच, म्हणजे फुग्यासारख्या गोल वस्तूकडे वळत. सफरचंदाशेजारी नाशपाती ठेवून दोन्हींना एकच नाव दिले, की केळ्याकडे वळणाऱ्या मुलांचे प्रमाण वाढे. केळे त्या दोन्हींसारखे दिसत नाही. पण ते फळ आहे. म्हणजे संकल्पना आधी शिकवून मग तुलना करायला लावायची, हा आपला नेहमीचा क्रम उलटा करता येतो. दोन नमुने शेजारी मांडले तर तुलनेतूनच संकल्पना उगवते.

गेंटनर यांनीच आर्थर मार्कमन यांच्यासह 1994 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती. माणसांना जास्त फरक सुचतात ते एकमेकांच्या जवळच्या जोड्यांमध्ये. ज्यांचा काहीच संबंध नाही अशा जोड्यांमध्ये कमी. साम्य सापडले की फरक कुठे शोधायचा हे कळते. मधोमध रेघ ओढून थेट फरकांवर जाणाऱ्या आपल्या वहीत नेमकी हीच पायरी गाळलेली असते. 2001 मध्ये रॉबर्ट मार्झानो, डेब्रा पिकरिंग आणि जेन पोलॉक यांनी परिणामकारक अध्यापनाच्या नऊ प्रकारांची मांडणी केली, तेव्हा साम्य-भेद ओळखणे त्यात पहिले होते. तेही एखाद्या विषयापुरते नाही, सगळ्या विषयांसाठी.

या विचाराचे मराठीतले रूप नवी मुंबईच्या अगदी शेजारी घडले. वाशीचा खाडीपूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र लागते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र 1974 चे. जयश्री रामदास यांच्या पुढाकाराने तिथे प्राथमिक वर्गांसाठी ‘हलके-फुलके विज्ञान’ ही पुस्तके तयार झाली. त्यांच्या स्वाध्यायांत साम्य आणि फरक दोन्ही विचारणारा वेगळा भाग आहे, आणि उत्तर पुस्तकात शोधण्याऐवजी निरीक्षणातून द्यायचे आहे.

खाडीच्या अलीकडच्या, म्हणजे नवी मुंबईच्या मुलांना तर निरीक्षणाला दूर जायलाच नको. ठाणे खाडीत हिवाळ्यापासून रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. मोठा रोहित आणि छोटा रोहित शेजारी शेजारी उभे असतात. दोघेही चोच उलटी करून पाण्यातून खाद्य गाळून घेतात, दोघांचा गुलाबी रंग खाद्यातूनच येतो. इतके साम्य हाती आले की फरक बोलू लागतात. मोठ्याची चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी, तर छोट्याची गडद. मोठा मुख्यतः चिखलातले बारीक जीव टिपतो, छोटा सूक्ष्म शेवाळावर जगतो. एकाच पाण्यात दोघांचे पोट कसे भरते, हा पुढचा प्रश्न मग शिक्षकांना विचारावा लागत नाही.

हीच रीत दुसऱ्या तासालाही चालते. आयत आणि चौरस यांत सारखे काय, हे आधी विचारले तर चार काटकोन आणि समोरासमोरच्या समान बाजू मुलेच मोजून सांगतात. आयताच्या सगळ्या अटी चौरस पाळतो, हे मग त्यांना आपणहून दिसते. मराठीच्या तासाला घरी हिंदी बोलणारे मूल ‘माझी पुस्तक’ म्हणते. नुसती चूक दुरुस्त करण्यापेक्षा दोन्ही भाषांतली वाक्ये शेजारी लिहिली, तर हिंदीत दोन लिंगे आणि मराठीत तीन हा नियम वर्गाच्या हाती लागतो. अनेक भाषांची मुले एका बाकावर बसतात त्या शहरात ही मोठीच सोय आहे. परिसर अभ्यासात स्थलांतराचा धडा आला की रोहित पक्ष्यांशेजारी तुर्भ्याच्या बाजारात काम करणारे माथाडी ठेवता येतात. सातारा-सांगलीकडून बरीच कुटुंबे पोटासाठी इथे आली. पोटासाठी येणे हे साम्य. पक्षी ऋतू पालटला की परततो, माणसे मात्र इथे घर करतात आणि गावच्या जत्रेला जातात, हा फरक. विज्ञान, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांना जोडणारा हा धागा कोणत्याही एका पुस्तकाच्या एका पानावर मावणार नाही.

या साऱ्याला वेळ लागतो, आणि भरलेल्या वर्गात तो काढणे सोपे नाही, हे खरे आहे. शिवाय मुलाने अनपेक्षित साम्य सांगितले तर त्याला गुण कसे द्यायचे, ही शिक्षकांची अडचणही खरी आहे. पण महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू आहे. त्यातल्या आकारिक मूल्यमापनात तोंडी काम, कृती आणि वर्णनात्मक नोंद यांना जागा आहे. ‘अभ्यासात प्रगती चांगली’ अशा ठोकळेबाज वाक्याऐवजी मुलाने कोणत्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, कोणत्या बाबतीत त्या सारख्या म्हटल्या आणि कारण काय दिले, एवढे तीन मुद्दे त्या नोंदीत लिहिता येतील. ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाऐवजी ‘एक साम्य आणि एक फरक सांगा, कोणत्या बाबतीत तेही लिहा’ असे घटक चाचणीत छापायला नवा अभ्यासक्रम लागत नाही. तो बदल शाळेच्या पातळीवर, याच सत्रात करता येण्याजोगा आहे.