झाडलेले घर व पिवळा पडलेला दिवा

(प्रथम मत्तय १२ : ४३–४५ हा भाग वाचावा.)

शाहूवाडी तालुक्यात जे राहतात त्यांस आंबा घाटाची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. मलकापूर सोडून आंब्याकडे निघाले आणि पावसाळ्याचे दिवस असले, म्हणजे ढग रस्त्यावरच उतरून बसतात, व भर दुपारी मोटारीचे दिवे लावावे लागतात. रात्री रानातून गवा निघून वाटेच्या मधोमध उभा राहतो. पाऊस सरून उसाचा हंगाम लागला की बैलगाड्या व ट्रॅक्टर अंधारातून कारखान्याची वाट धरतात, आणि त्यांतील कित्येकांच्या मागे तांबडा दिवा तर नाहीच, पण चमकणारी पट्टीही नसते. शिवाय कडेने पायी चालणारी माणसे असतात. प्रार्थनेहून परतणारी आपली मंडळीही त्यांत आलीच.

अशा वाटेवर दिवा हा शोभेचा विषय नव्हे. तरी आपल्या वाड्यावस्त्यांवरून फिरणाऱ्या जुन्या मोटारी, वडापच्या जीपा व लहान टेंपो ह्यांच्या तोंडाकडे एकदा नीट पाहावे. मोतीबिंदू झालेल्या डोळ्याप्रमाणे पुष्कळांचे दिवे पिवळट व धुरकट झालेले आढळतील. धनी म्हणतो, बल्ब थकला. आणि अधिक वॅटचा बल्ब आणून बसवितो. पुष्कळ गाड्यांत ६०/५५ वॅटचा बल्ब असतो. त्या जागी १०० वॅटचा घातला असता वायर व आतील आरसा तापतो, कायदाही मोडतो, आणि वाट मात्र तितकीच अंधारी राहते. कारण दोष आतील ज्योतीत नाही, तो बाहेरील पडद्यात आहे.

ह्या पडद्यास आपण काच म्हणतो, परंतु ती काच नव्हे. पूर्वी दिव्यांस खरी काच असे, व अगदी जुन्या जीपांस ती आजही दिसते. ती पिवळी पडत नाही. दगड लागला की फुटते इतकेच. १९५३ साली जर्मनीत व अमेरिकेत निरनिराळ्या शास्त्रज्ञांनी पॉलिकार्बोनेट नावाचे पारदर्शक प्लास्टिक शोधून काढिले, आणि १९८० नंतरच्या दशकांत दिव्यांची झाकणे त्याची होऊ लागली. हे प्लास्टिक दगडाचा मार सोसते, परंतु त्याचे दोन शत्रू आहेत : ओरखडा व ऊन. म्हणून कारखान्यात त्यावर एक अतिशय पातळ, कठीण व पारदर्शक लेप देतात. उन्हातील अतिनील किरण वर्षानुवर्षे हा लेप खातात. त्यात धुळीची भर पडते, आणि कोरड्या फडक्याने दिवा पुसण्याची आपली सवय उरलेले काम करिते. लेप झिजला की खालचे प्लास्टिक उन्हाने जळून पिवळे होते. सारांश, तो मळ नव्हे. ती कातडीच बिघडलेली आहे, आणि साबणाने कितीही धुतली तरी ती तशीच राहणार.

हानी किती होते? अमेरिकेतील ए.ए.ए. ह्या मोटार संस्थेने २०१८ साली ह्याची परीक्षा केली. तेव्हा खराब झालेला दिवा डिपरवर नव्या दिव्याच्या सुमारे २२ टक्केच प्रकाश देतो असे आढळले. म्हणजे रुपयातील बारा आणे व वर काही वाटेतच नाहीसे होते. परंतु नाहीसे होते असे तरी कसे म्हणावे? त्यातील पुष्कळ प्रकाश धुरकट पडद्यात विखरून भलतीकडे जातो व समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर आदळतो. ज्याचा दिवा मंद, तोच दुसऱ्यास आंधळा करितो. हे आमच्या मते त्या २२ टक्क्यांहून अधिक विचार करण्याजोगे आहे. कारण आपल्या मोटारीत बसून आपला दिवा आपणांस दिसत नाही, तो दुसऱ्यास दिसतो.

आता उपाय. गावात पहिला सल्ला मिळतो तो टूथपेस्टचा. ती घासली असता दिवा चकाकतो हे खरे, कारण तिच्यात बारीक घासणारी पूड असते. परंतु ती चकाकी काही आठवड्यांची. डास पळविण्याचे काही मलम लावूनही दिवा क्षणभर उजळतो. ते औषध प्लास्टिकचा वरचा थर विरघळविते, आणि पुढे दिवा पूर्वीपेक्षा वाईट होतो. पेट्रोल व थिनर ह्यांचा तर स्पर्शही होऊ देऊ नये. त्यांनी प्लास्टिकला तडे जातात.

योग्य रीत कष्टाची आहे, पण घरी होण्याजोगी आहे. मोटार सावलीत उभी करून दिवा साबणपाण्याने धुवावा. भोवतालच्या पत्र्याचा रंग जाऊ नये म्हणून कडेने चिकटपट्टी लावावी. मग वॉटर पेपर पाण्यात भिजवून ८०० नंबराने आरंभ करावा, व क्रमाने १०००, १५००, २००० आणि मिळाल्यास ३००० पर्यंत जावे. एका नंबराने आडवे घासले तर पुढच्याने उभे घासावे, म्हणजे मागचे ओरखडे राहिले की नाही ते दिसते. पाणी सतत ओतीत राहावे. पहिल्याने पिवळट दुधासारखे पाणी गळेल. ते पांढरे होईपर्यंत नंबर बदलू नये.

येथे पुष्कळांचा धीर सुटतो. कारण ह्या वेळी दिवा स्वच्छ दिसावयाचा सोडून अधिकच पांढरा व आंधळा दिसतो, आणि होते तेही बिघडविले असे वाटून मनुष्य पेपर टाकून देतो. त्याने थांबू नये. बारीक नंबरांनी तो धूसरपणा कमी होत जातो, आणि शेवटी मऊ फडक्यावर रबिंग कंपाउंड घेऊन घासले असता तो निर्मळ होतो. आतल्या बाजूस पाणी किंवा वाफ धरली असेल तर मात्र बाहेरून घासून उपयोग नाही. दिवा काढून त्याचे सील पाहिले पाहिजे.

आणि ह्यानंतर, बंधूंनो, बहुतेक जण जी चूक करितात तिच्यासाठीच आम्ही आरंभी शास्त्रभाग नेमून दिला. दिवा निर्मळ झाला, बायकामुलांनी येऊन पाहिला, आणि काम संपले असे समजून धनी घरात जातो. परंतु त्याने पिवळेपणाबरोबर कारखान्याचा उरलासुरला लेपही घासून टाकिला आहे. प्लास्टिक आता उघडे आहे. जुना दिवा पिवळा होण्यास वर्षे लागली. हा काही महिन्यांतच होईल. प्रभूने ज्या घराचा दाखला दिला ते घाणेरडे नव्हते. ते झाडलेले व सुशोभित होते. त्याचे वाईट झाले ते ते रिकामे होते म्हणून.

आपल्या मंडळ्यांत हे किती वेळा घडते! एखादा भाऊ दारू सोडतो. मंडळीपुढे तो उभा राहतो, आपण आनंद करितो, उपदेशक त्याचे नाव वहीत लिहितात. पण सायंकाळी सात वाजता, ज्या वेळी तो गुत्त्यावर बसत असे त्या वेळी, त्याने कोठे बसावे ह्याची तजवीज कोणी करीत नाही. त्याचे जुने सोबती गेले, नवे आले नाहीत. चार महिन्यांनी तो पडला म्हणजे आपण म्हणतो, त्याचा पश्चात्ताप खरा नव्हता. आम्हांस वाटते, पश्चात्ताप पुष्कळदा खरा असतो. घासण्यात कसूर नसते. लेप द्यावयाचा राहून जातो, आणि तो देणे एकट्या त्याचे काम नसते.

दिव्यावरील लेपही आपल्या हाताने होईलच असे नाही. मेण लावले तर ते अल्पकाळ टिकते. घरी लावावयाचा असा लेप, जो फडक्याने पुसून बसवितात, तो ह्या कामाच्या तयार संचात मिळतो. अधिक टिकाऊ म्हणजे रंगवाले मेस्त्री फवारतात तो दोन भाग मिसळून करावयाचा क्लिअर. अतिनील किरण अडविणाराच मागून घ्यावा. त्याची वाफ फुप्फुसांस घातक आहे, आणि तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही. म्हणून घासण्याचे काम घरी करावे व फवारणी मेस्त्रीकडून करून घ्यावी हे उत्तम. फवारण्यापूर्वी दिवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवावा.

इतके करूनही दिवा नव्यासारखा होईल असे समजू नये. वर सांगितलेल्या परीक्षेत घासून उजळविलेल्या दिव्यांचा प्रकाश नव्याच्या सुमारे ७० टक्के भरला. ज्यास ऐपत आहे व ज्याच्या मोटारीत रोज दहा माणसे बसतात, त्याने नवा दिवा घ्यावा. आणि जुनी मोटार विकत घेणाऱ्याने दिवे चकचकीत दिसले म्हणून भुलू नये. ते लेप देऊन उजळविले की बाजाराच्या आदल्या रात्री टूथपेस्टने, हे विचारून घ्यावे.

दमट हवेत हा लेप दुधाळ होतो व धरत नाही. आपल्याकडे मृग ७ जूनच्या सुमारास निघतो, आणि त्यापूर्वीही वळवाच्या सरी येतात. तेव्हा हे काम एप्रिलात, सकाळच्या सावलीत, उरकून घ्यावे.