पंढरीचं भूत आणि डोंबिवलीचे झोंबी

आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’ (२०२२) या चित्रपटात दूषित पाण्याने डोंबिवलीकर झोंबी होतात आणि आपण हसतो. मुडद्यांवर कसलं हसायचं, हे परकं खूळ, असं काहींना वाटतं. झोंबी मूळचा हैतीचा, त्याला पडद्यावर आजचं रूप १९६८ साली जॉर्ज रोमेरोने दिलं, हे खरंच. पण भुताची गंमत आपल्याला नवी नाही. संत तुकारामांनी तर पंढरीच्या विठ्ठलालाच झपाटणारं भूत म्हटलं!

हसण्याने भीतीची धार जाते, हा दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. उत्तरार्धातली हाणामारी लांबते आणि तिथे ती धार जातेही. पण टॉवरला मुबलक पाणी आणि शेजारची वस्ती तहानलेली, हे दिसतं तेव्हा हसू घशात अडकतं. टँकरमागे हंडे घेऊन धावलेल्या मराठवाड्याला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. मराठीत कुणी झोंबी कादंबरी लिहायला घेतलीच, तर पहिलं प्रकरण नळाच्या रांगेत सुरू करावं.