कोपराखालचं चामडं

गेल्या दिवाळीत मुलानं त्याच्या बाबांसाठी एक भेट आणली. गाडीत पुढच्या दोन सीटांच्या मध्ये हात टेकायला जो उंचवटा असतो, ज्याला सगळे आर्मरेस्ट म्हणतात, त्यावर घालायचं गुबगुबीत आवरण. आत बोटभर स्पंज, वर काळंभोर मऊ चामडं, कडेनं दुहेरी शिलाई. गाडी चालवताना यांचा डावा कोपर त्या कडक प्लास्टिकवर टेकलेला असतो. इंदूरहून सोलापूरला जाऊन आलं की चार दिवस दुखतो. मुलाच्या ते लक्षात राहिलं, याचंच मला कौतुक वाटलं. पण खोक्यावर वाचलं, 'अस्सल चामडे', आणि मी हात मागे घेतला.

"हे आपल्याकडे नको रे," मी म्हणाले.

"आई, चामड्यासाठी कुणी जनावर मारत नाही. मांसासाठी मारतात, कातडं उरतं."

यांनीही लेकाची बाजू घेतली. "आणि आता ते अजीवच आहे. पुद्गल. त्याला काय कळतंय?"

मी म्हटलं, "याच गाडीतून आपण देवदर्शनाला जातो."

तेव्हा मुलगा शांतपणे म्हणाला, "देवळातल्या भजनात तबला कशाचा असतो गं? आणि आपल्या शोकेसमधलं हरीण?"

मला उत्तर सुचलं नाही. तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची असते, हे का मला माहीत नाही? त्याच ठेक्यावर मी इतकी वर्षं टाळ वाजवत आले. आणि शोकेसमधलं ते हरीण म्हणजे आपल्या इंदूरची खासियत. इथल्या चामड्याच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आत सांगाडा आणि भराव, वरून कातडं, आणि असे सुबक घोडे, हरणं, गेंडे की बघत राहावं. दर दिवाळीला मी त्या हरणावरची धूळ मऊ फडक्यानं पुसते. एका खऱ्या जनावराचं कातडं दुसऱ्या खोट्या जनावराला घातलंय, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

तरी मी हट्ट सोडला नाही. आपल्याकडे हिंसेचे तीन दरवाजे सांगितले आहेत: कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि झालेल्याला संमती देणं. पहिल्या दोन दरवाजांना आपण कुलूप घालतो. तिसरा मात्र उघडाच राहतो, कारण त्यातून बाजार आत येतो. कातडं 'उरतं' हे खरं, पण ते फुकट जात नाही. जनावराचा सौदा होतो तेव्हा मांसाबरोबर कातड्याचाही हिशेब धरलेला असतो. त्या हिशेबातले चार पैसे माझे असतील, तर मी त्या सौद्याच्या बाहेर कशी? यांचं म्हणणंही अर्धंच खरं होतं. कातडं अजीव आहे, पण ते घेताना माझ्या मनात जो भाव उठतो तो काही अजीव नाही. आपल्या शास्त्रानं द्रव्यहिंसा आणि भावहिंसा वेगळ्या सांगितल्या त्या उगाच नाहीत.

शेवटी ठरलं की आर्मरेस्टला रेक्झिन लावून घ्यायचं. सीटकव्हर शिवणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. हे गाडी लावून बँकेत गेले आणि मी स्टुलावर बसून त्याचं काम बघत राहिले.

बघण्यासारखंच होतं ते. त्यानं बिजागरीचे स्क्रू काढून आर्मरेस्टचं झाकण मोकळं केलं. खालच्या बाजूच्या पिना पकडीनं एकेक उपटल्या, जुनं कव्हर सोलून काढलं, भुगा झालेला स्पंज खरवडला. नवा स्पंज झाकणाच्या मापानं कापला. दोन्ही बाजूंना चिकटद्रव लावून थोडा वेळ तसाच ठेवला. ओला असताना चिकटवला तर पुढे सुटतो, म्हणाला. मग रेक्झिनला गरम हवा देऊन ते ताणत ताणत बसवलं. सगळी कला कोपऱ्यांत. तिथे जास्तीचं रेक्झिन कातरून बारीक चुण्या खाली दुमडाव्या लागतात, नाहीतर वर सुरकुती दिसते. आपण करंजीची कड मुरडतो ना, तसंच. त्याची बोटं तितक्याच सवयीनं चालत होती.

मी मुलानं आणलेलं आवरण दाखवलं. त्यानं ते उलटं करून अंगठा फिरवला. "असली है," म्हणाला. मागे विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन, तंतूंची लव दिसली तर चामडं, हेही त्यानं मला शिकवलं.

मग त्यानं विचारलं, "आंटीजी, पानी है क्या? आज हमारा कॅन आया नहीं."

माझ्या पिशवीत स्टीलची बाटली होती. मी ती काढली, आणि हातात धरून उभीच राहिले. दोन-तीन क्षणच असतील. पण तेवढ्यात त्यानं ओळखलं. काही न बोलता त्यानं ओंजळ पुढे केली. "ऊपर से डाल दीजिए." मी वरून धार धरली. तो प्यायला, मनगटानं तोंड पुसलं आणि पुन्हा कामाला लागला.

मी त्याची जात विचारली नव्हती. माझ्या मनानंच ती ठरवून टाकली होती. त्याच्या समोर चामड्याचे तुकडे पडलेले होते, तेवढ्यावरून.

लाज झाकायला म्हणा किंवा ब्याद घालवायला म्हणा, निघताना मी ते आवरण त्याच्यापुढे केलं. "हे तुम्हीच ठेवा, आम्हाला चालत नाही."

तो हसला. "आपको नहीं चलता, तो मुझे क्यों दे रही हैं?"

मैत्रिणींनो, त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. जे माझ्या घरात पाप होतं, ते त्याच्या घरात दान कसं होणार होतं?

त्या रात्री झोप लागली नाही. दशलक्षणात दरवर्षी आपण सम्यग्दर्शनाची आठ अंगं ऐकतो. त्यातलं तिसरं निर्विचिकित्सा, म्हणजे किळस नसणं. राजा उद्दायनाची गोष्ट लहानपणापासून पाठ आहे. मुनींनी अंगावर वांती केली, तरी आपल्याच आहारदानात काही चुकलं असेल म्हणत तो त्यांचं अंग धूत राहिला. गोष्ट ऐकताना आपण हात जोडतो. पण मला बाटली पुढे करता आली नाही. मी ज्याला करुणा समजत होते, त्यात किळस किती मिसळलेली होती? त्या बकऱ्यासाठी माझा जीव खरंच तुटला होता, की 'चामडं' या शब्दालाच अंग शहारलं होतं? करुणा आणि किळस या दोघींचा चेहरा दुरून अगदी सारखा दिसतो. दोघीही हात मागे घेतात.

मग आठवला यमपाल. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात प्रत्येक अणुव्रतासाठी एकेक उदाहरण दिलं आहे. अहिंसाणुव्रतासाठी कुणाचं? राजाचं नाही, श्रेष्ठीचं नाही. फाशी देणाऱ्या चांडाळाचं. यमपालानं मुनींकडून एवढंच व्रत घेतलं होतं की चतुर्दशीला जीव घेणार नाही. नेमका चतुर्दशीलाच राजाचा हुकूम आला, गुन्हेगार ठरलेल्या राजपुत्राला मार. यमपाल घरात लपला. दारात शिपाई आले तेव्हा त्याची बायको तोंडानं म्हणाली, "ते गावाला गेलेत." पण राजपुत्राच्या अंगावरच्या दागिन्यांचा मोह पडला आणि हातानं तिनं खूण केली, आत आहेत. त्याला बाहेर ओढलं, तरी तो बधला नाही. आज मारणार नाही म्हणजे नाही. राजानं त्याला मगरींच्या तळ्यात टाकवलं, आणि देवांनी त्याला वाचवून त्याचा सन्मान केला.

या गोष्टीत आजवर मी यमपालाकडेच बघत होते. त्या रात्री पहिल्यांदा त्याच्या बायकोकडे बघितलं. तोंड एक सांगतं आणि हात दुसरंच दाखवतो. ती मला फार ओळखीची वाटली. माझ्या तोंडात अहिंसा होती, आणि हात बाटली मागे ओढत होता. यमपाल चांडाळ आज त्या दुकानात बसलेला असता, तर मी त्यालाही पाणी वरूनच घातलं असतं. व्याख्यानात मात्र त्याचं नाव घेतल्यावर मान डोलावली असती.

हे माझ्या एकटीचं असतं तर लिहिलं नसतं. जनावराबद्दलची दया आणि माणसाबद्दलचा तिटकारा हे दोन्ही एकाच मनात सुखानं नांदतात, हे आपल्या देशानं फार वेळा पाहिलं आहे. 2016 साली गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या दलित तरुणांना एका मोटारीला बांधून मारलं. मारणारे स्वतःला गोरक्षक म्हणवत होते.

गांधीजींना हा पेच कळला होता. श्रीमद् राजचंद्रांचा त्यांच्यावर केवढा प्रभाव होता हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्याच गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत चपला शिवायला शिकून घेतलं आणि तुरुंगात बनवलेला एक जोड जनरल स्मट्स यांना भेट दिला, हे सांगायला विसरतो. पुढे वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय चाललं, तिथे नैसर्गिक मरण आलेल्या जनावरांचंच कातडं कमावत. जीव घ्यायचा नाही, आणि कातड्याचं काम करणाऱ्याला खालचाही मानायचा नाही, अशी ती दुहेरी वाट होती. आपले आचार्य अमृतचंद्र मात्र पुरुषार्थसिद्ध्युपायात सांगतात की आपोआप मेलेल्या जनावराच्या मांसातही सूक्ष्म जीव असतात, त्यामुळे तिथेही हिंसा टळत नाही. ते मांसाबद्दल आहे. चामड्याला ते कितपत लागू करावं, हा विचार जाणकारांनी करावा. मला एवढं दिसतं की नालवाडीच्या वाटेचा पहिला अर्धा भाग आपण पाळतो आणि दुसरा सोडून देतो.

आणि रेक्झिन तरी कुठलं निष्पाप? कापडावर प्लास्टिकचा थर, खनिज तेलापासून केलेला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीत तापून चार-पाच वर्षांत त्याचे पोपडे निघतील, आणि मग ते न कुजता कुठेतरी पडून राहील. कचरा वेगळा करण्यासाठी आपलं इंदूर देशभर ओळखलं जातं, पण वेगळा केला म्हणून तो नाहीसा होत नाही. तरीही मी रेक्झिनच निवडेन. कमी हिंसा आणि जास्त हिंसा यांत फरक असतो, आणि गृहस्थाचं व्रत हे अणुव्रत आहे. जमेल तेवढं, पण जाणून उमजून. फक्त त्या काळ्या रेक्झिनवर हात ठेवून मी शुद्ध झाले, असं आता वाटत नाही.

मुलानं दिलेलं आवरण अजून कपाटात आहे. वापरवत नाही. फेकलं तर ज्याचा जीव गेला त्याचं मरणही वाया गेल्यासारखं वाटतं, आणि लेकाचं मन मोडतं ते वेगळंच. कुणाला द्यायला निघाले तर कारागिराचा प्रश्न आठवतो. तुम्ही काय केलं असतं?

महिन्याभरानं आर्मरेस्टच्या एका कोपऱ्याची पिन सुटली, म्हणून पुन्हा त्याच्याकडे गेले. या वेळी पिशवीत बाटलीबरोबर एक पेलाही नेला होता. काम संपल्यावर पेला भरून त्याच्या हातात दिला. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, पाणी प्यायला, पेला परत दिला. घरी आल्यावर तो मी बाकीच्या भांड्यांबरोबरच घासला.